ज्याचे आभार मानायचे नव्हते

आमच्या ला सोद्रे गावात आर्मेल झिकेलला पाठीमागे सगळे मर्लिन म्हणत. समोर कोणी म्हणत नसे, पण पाठीमागे म्हणतात हे त्याला ठाऊक होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. गावाला लागून असलेल्या जंगलात जुन्या गोष्टींतल्या त्या जादूगाराचं, मर्लिनचं, थडगं दाखवतात. उन्हाळ्यात लांबलांबचे पाहुणे येतात, त्या दोन दगडांवर फुलं ठेवतात आणि परत जाताना आमच्याकडे रस्ता विचारतात. अशा गावात एखादा जादूगार राहतो याचं कोणाला फारसं कौतुक नसतं.

आर्मेलला ना लांब दाढी होती, ना हातात काठी. गावच्या पालिकेत तो रस्त्यांचा माणूस होता. चर उपसायचे, कडेचं गवत कापायचं, हिवाळ्यात खड्डे बुजवायचे. नारिंगी जाकीट, खांद्यावर फावडं, आणि ओठांत बहुतेक वेळा विझलेली विडी. लग्न केलेलं नव्हतं. चर्चच्या खालच्या वळणावर त्याचं दोन खोल्यांचं दगडी घर होतं.

त्याला एकच विद्या येत होती. भाजलेल्या माणसाची आग तो काढायचा. जखमेला हात न लावता तिच्यावर तळवा धरायचा, ओठातल्या ओठात काही म्हणायचा आणि तीनदा फुंकर घालायचा. बस्स. आमच्याकडच्या लोकांचं वागणं यात सरळ असतं. आधी आर्मेलकडे जायचं, मग डॉक्टरकडे जायचं आणि पट्टी करून घ्यायची. कशानं गुण आला याची चौकशी कोणी करत नसे. डॉक्टर विचारत नसत, आम्ही सांगत नसू.

माझी मुलगी एनोरा दोन वर्षांची असताना तिनं उकळत्या दुधाचं भांडं अंगावर ओढून घेतलं. मी तिला उचलून धावलो. डॉक्टर शेजारच्या गावात होते आणि आर्मेलचं घर वाटेत होतं. तो सूप पीत बसला होता. त्यानं वाडगा बाजूला सरकवला, पोरीचा हात तळव्याखाली धरला. तिचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं आणि मग ती त्याच्या जाकिटाच्या बटणाशी खेळायला लागली. मी दारात उभा होतो. घशाशी एक शब्द आला होता, आणि तो मला गिळावा लागला.

कारण नियम तसा होता. आग काढणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, भेट द्यायची नाही, आणि त्याचे आभार मानायचे नाहीत. मेर्सी, म्हणजे आभारी आहे, असं म्हटलं की त्याचा मंत्राचा शब्द निकामी होतो आणि गेलेली आग परत येते. हे आम्हाला चालायला लागल्यापासून माहीत असतं. आर्मेलनं आग काढलेला माणूस गावात घरटी एक तरी होता. त्यामुळे धोका नको म्हणून त्याला कोणीच, कशासाठीच मेर्सी म्हणत नसे. त्यानं चिखलात रुतलेली गाडी ढकलून दिली, तरी नाही. जेवणाच्या टेबलावर पाव पुढे केला, तरी नाही. म्हाताऱ्या बाईची पिशवी टेकडी चढून आणून दिली, तरी नाही.

माणसाला काहीतरी बोलावं तर लागतंच. त्याच्या बाबतीत लोक म्हणत, “रस्ता चांगला झालाय, आर्मेल.” तो मान हलवायचा. पावसानं रस्ता वाहून गेलेला असला तरी आम्ही तेच म्हणायचो.

तो निवृत्त झाला तेव्हा पालिकेच्या सभागृहात छोटा समारंभ झाला. महापौर ज्युलियें पेरिशो भाषणाला उभे राहिले. ट्रॅक्टरच्या धुराड्यानं त्यांचा तळहात एकदा भाजला होता आणि ती आग आर्मेलनं काढली होती, त्यामुळे त्यांची अडचण सगळ्यांना ठाऊक होती.

“आर्मेल,” ते म्हणाले, “इतकी वर्षं तुम्ही उन्हापावसात राबलात. या गावातला प्रत्येक माणूस तुमचा... म्हणजे या गावात प्रत्येक माणूस आहे.”

मागून सोलेन रुक्सेलचा आवाज आला, “मोजून घेतलेत का, साहेब?”

सोलेन बाजारात गालेतची गाडी लावते. काळ्या तापलेल्या तव्यावर कुट्टूच्या पिठाचे मोठे पातळ डोसे पसरते, त्यात सॉसेज गुंडाळून देते, आणि ते करताना तिचं तोंड एक क्षण बंद नसतं. सभागृहात हशा पिकला. महापौरांनी दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला.

“तुमच्या कामाबद्दल पालिका मनापासून... पालिकेला मन आहे, एवढंच मी सांगेन.”

“बसा आता,” त्यांची बायको म्हणाली.

भेट द्यायची नाही हा नियम होताच. पालिकेनं त्यातून वाट काढली होती. चामड्याची एक चांगली खुर्ची आणली होती. महापौरांनी स्पष्ट केलं की ही भेट नाही, खुर्ची पालिकेच्याच मालकीची आहे, फक्त सभागृहात जागा नसल्यामुळे ती आर्मेलच्या घरी ठेवायची आहे. आर्मेलनं सही करून खुर्ची ताब्यात घेतली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि एकेक जण जाऊन त्याला सांगून आला की रस्ता चांगला झालाय.

नंतरची वर्षं तशी शांत गेली. मी गावच्या सहकारी दुकानात हिशेब बघतो, तिथून त्याचं फाटक दिसतं. त्याच्याकडे जाणारी माणसं मला दिसत. इस्त्रीनं भाजलेली, तेल उडालेली, चुलीला हात लागलेली. भाजलं नसेल तर त्याच्याकडे सहसा कोणी जात नसे. त्याला टाळण्याचा कोणाचा हेतू नव्हता. पण ज्याच्याकडे पाहून तोंडात आलेला शब्द गिळावा लागतो, त्याच्याकडे बसून गप्पा मारणं माणसाला जड जातं. तरी रोज सकाळी तो फाटक उघडं करून ठेवायचा. कोणी येईल म्हणून.

गेल्या ऑक्टोबरात गावात पोमेचा दिवस होता. सफरचंदं आणि सायडर मोठ्या तांब्याच्या हंड्यात घालून दिवसभर घोटत राहायचं, काळा दाट मुरंबा होईपर्यंत. पाळीपाळीनं सगळे लाकडी दांडा फिरवतात. दुपारी क्लोतिल्डची पाळी आली. ती शाळेत नवीन आलेली बाई, ऑर्लेआंकडची. हंड्यातला एक बुडबुडा फुटला आणि तो चिकट रस तिच्या मनगटावर उडाला.

आर्मेल तिथेच बाकावर बसला होता. वय ऐंशीच्या पुढे गेलेलं, छाती बारीक झालेली. त्यानं तिला जवळ बोलावलं, तळवा धरला, शब्द म्हटला. पहिली फुंकर घातली. दुसरी घातली. तिसरी येईना. तो खोकला, वाकला, बाकाची कड धरून पुन्हा प्रयत्न केला. आम्ही सगळे हंड्यात बघत राहिलो. दांडा फिरवणाराही थांबला होता. शेवटी कशीबशी ती तिसरी फुंकर आली, मेणबत्तीही विझली नसती इतकी हलकी.

क्लोतिल्डनं मनगट हलवून बघितलं. तिचा चेहरा उजळला. “अहो, खरंच थांबलं. मेर्...”

तिचा शब्द पुरा होण्याआधी सोलेननं लाकडी चमच्यातला मुरंबा तिच्या तोंडात घातला.

“गोड झालाय का सांगा, बाई,” ती म्हणाली. “घाई नाही. सावकाश गिळा.”

सगळे हसले. आर्मेलही हसला. पण हसताना तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत भीती होती.

संध्याकाळ व्हायच्या आत मी त्याला घरी सोडायला गेलो. तो दर दोन घरांपाशी थांबत होता.

“आता कोणाला तरी देऊन टाका,” मी म्हणालो.

“देईन म्हणतो.”

“गेली पाच वर्षं देईन म्हणताय, काका. आज तिसरी फुंकर आली नसती तर?”

ही विद्या पुरुषानं बाईला द्यायची असते आणि बाईनं पुरुषाला. घेणारा वयानं लहान हवा. आणि एकदा दिली की देणाऱ्याचा हात त्याच दिवशी रिकामा होतो. न देता माणूस मेला, तर शब्दही त्याच्याबरोबर जातो. आमच्या आसपासच्या गावांत असे तीन-चार शब्द गेलेच होते. उरलेला हा एकच.

घरात आल्यावर तो पालिकेच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, “मला हे ओनेन आत्यानं दिलं. तुला ती आठवत नसेल.”

“पावाच्या भट्टीवाली?”

“तीच. तिच्या दाराशी रोज माणूस असायचा. मला शब्द दिला त्या दिवशी ती खूष होती. आता मी मोकळी झाले म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून माणसं माझ्याकडे यायला लागली. तिच्याकडे कशाला जातील? ती अकरा वर्षं जगली त्यानंतर. तिच्या पायरीवर गवत उगवलं होतं, ते मीच कापायचो. पालिकेच्या विळ्यानं.” त्यानं खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. “माझ्याकडे माणसं भाजल्यावरच येतात. तेवढंही थांबलं तर मी या खुर्चीत बसून काय करू? मर्लिनचं काय झालं ठाऊक आहे ना?”

ते आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मर्लिन आर्थर राजाचा जादूगार. पुढचं सगळं त्याला आधी दिसायचं. म्हातारपणी तो या जंगलात आला. बारांतोंच्या झऱ्यापाशी त्याला विवियान भेटली आणि तो तिच्यात गुंतला. तिनं त्याच्याकडून एकेक मंत्र काढून घेतला. शेवटचा मंत्र असा होता की त्यानं माणसाभोवती हवेचा बुरूज उभा राहतो, भिंत दिसत नाही आणि बाहेरही पडता येत नाही. तो झोपलेला असताना तिनं तोच मंत्र त्याच्यावर घातला. मर्लिन अजून तिथे आहे म्हणतात. तिनं मंत्र मागितला तेव्हाच त्याला हे सगळं दिसलं होतं, तरी त्यानं तो शिकवला.

“हवेचा बुरूज,” आर्मेल म्हणाला. “आत्याचं घर तसंच होतं.”

मी त्याला सूप गरम करून दिलं आणि निघालो.

दोन दिवसांनी सोलेन दुकानात कुट्टूचं पीठ घ्यायला आली. पोती मोजता मोजता मी तिला हे सगळं सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, कारण गावात तो एकच विषय चालू होता. फरक इतकाच की त्याच्या भीतीचं कारण कोणाला ठाऊक नव्हतं. तिनं पहिल्यांदाच मला मधे तोडलं नाही.

“मला देतील का ते?” ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघून हसलो. तिलाही हसू आलं.

“माहीत आहे. लोक म्हणतील सोलेनला गुपित दिलं तर दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला पाठ होईल. पण माझी बोटं बघ. तव्यापाशी उभी राहून राहून दहाच्या दहा बोटं त्यांच्या हाताखालून गेली आहेत. आग म्हणजे काय हे मला ठाऊक आहे.”

“तुला कोणी मेर्सी म्हणणार नाही मग. गालेत घेतल्यावरसुद्धा.”

हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती पोत्यावर बसली. बाजाराच्या दिवशी तिच्या गाडीसमोर रांग असते, आणि मेर्सी सोलेन, मेर्सी सोलेन हे ऐकत तिचा दिवस जातो. नवरा गेल्यापासून तिला जो काही आधार आहे तो त्या गाडीचा आणि त्या आवाजांचा.

“कठीण आहे,” ती म्हणाली. मग उठली, पीठ गाडीत चढवलं आणि सरळ आर्मेलच्या फाटकातून आत गेली. मीही मागोमाग गेलो, कारण तिथे काय होईल याची मला काळजी वाटली.

आर्मेलनं तिचं ऐकून घेतलं. “तू बडबडी आहेस,” तो म्हणाला.

“आहे. पण मी बडबडते ते दुसऱ्यांचं. स्वतःचं कधी काही बोलले आहे का, आठवा.”

त्यानं आठवून पाहिलं. मीही आठवून पाहिलं. तिचं म्हणणं खरं होतं.

“आणि तुम्हाला मर्लिनची कोणती गोष्ट सांगितली आहे कोणास ठाऊक,” ती पुढे म्हणाली. “विवियाननं कोंडलं आणि निघून गेली, असंच ना?”

“तसंच आहे ते.”

“ते लोहाराच्या दुकानातलं पुरुषांचं सांगणं. माझी आजी वेगळं सांगायची. त्या बुरुजाला त्याच्यासाठी दार नव्हतं, तिच्यासाठी होतं. ती रोज आत जायची. सकाळी जायची, संध्याकाळी जायची. त्याला दुसरं काही नकोच होतं. म्हणून तर त्यानं सगळं दिसत असून शिकवलं.”

“रोज जायची?”

“आजी म्हणायची एक दिवस चुकली नाही.”

“पावसात?”

“या देशात पावसाची सबब सांगितली तर माणूस कुठे जाईल का, काका?”

आर्मेल तळवे उलटेपालटे करून बघत बसला. त्याचं वय झालेलं होतं, तो भोळा नव्हता. ती काय कबूल करते आहे हे त्याला कळलं होतं. तो मला म्हणाला, “तुझी गाडी चालू आहे ना? बारांतोंपर्यंत मला चालवणार नाही.”

शनिवारी सकाळी मी दोघांना घेऊन गेलो. गाडी लागते तिथून पुढे पायवाट आहे. त्याला एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं सोलेननं. ओकची पानं ओली होती. झऱ्यापाशी कोणी नव्हतं. पाणी स्वच्छ, तळाशी मधूनच बुडबुडा येत होता. बाजूला तो मोठा दगड. त्यावर झऱ्याचं पाणी ओतलं की वादळ येतं म्हणतात.

“दगडावर सांडू नकोस,” आर्मेल तिला म्हणाला. “पेरिशोचा मका अजून शेतात आहे.”

मी मागे फिरलो आणि त्यांचा आवाज ऐकू येणार नाही इतका लांब जाऊन उभा राहिलो. वळून पाहिलं तेव्हा तो तिच्या कानाशी वाकलेला होता आणि तिचे डोळे मिटलेले होते. सोलेन रुक्सेल इतका वेळ गप्प राहिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. परत येताना ती गाडीतही बोलली नाही. आर्मेल मात्र खिडकीतून रस्ता बघत होता आणि कुठे कडा खचल्या आहेत ते मला दाखवत होता.

पुढचा आठवडा मी दुकानातून त्याच्या फाटकाकडे बघत होतो. सोलेन रोज येत होती, हे खरं. सकाळी झाकलेली ताटली घेऊन यायची आणि तासाभरानं जायची. तिच्याशिवाय कोणी नाही. बेकरीतल्या मुलीचा हात भाजला तेव्हा ती सवयीनं आर्मेलकडे गेली. त्यानं तिला तळवा दाखवून सांगितलं, “हा आता नुसता हात आहे. सोलेनकडे जा.” मुलगी सोलेनकडे गेली, आणि आग गेली. गावाला कळलं. दुसऱ्या कोणाला आर्मेलकडे जायचं कारण उरलं नाही. अगदी ओनेनसारखंच.

बाजाराच्या दिवशी सोलेनच्या गाडीपुढे रांग होती, पण आवाज नव्हता. लोक गालेत घेत, तोंड उघडत, मिटत आणि सरकत. महापौर गालेत हातात घेऊन तसेच उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, “मीठ बरोबर होतं.” मागच्यानंही तेच म्हटलं. सोलेनचा चेहरा थोडा पडला होता, पण तिनं तवा पुसला आणि पुढची गालेत पसरली.

रांगेत लेओंतीन होती. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, चार पायांची काठी टेकत येणारी. तिची पाळी आली तेव्हा ती महापौरांना म्हणाली, “पेरिशोच्या पोरा, तू इकडे मीठ मीठ करतोयस. आर्मेलकडे गेलास का?”

“कशाला, आजी? आता तो काढत नाही.”

“म्हणूनच विचारते. काढत नाही ना? मग त्याला मेर्सी म्हणायला काय हरकत आहे?”

तव्यावरचं लोणी तेवढं तडतडत होतं. इतक्या वर्षांत हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ज्याच्याकडे विद्या आहे त्याचे आभार मानायचे नाहीत, हा नियम. ती आता त्याच्याकडे नव्हती.

“पण जुनी आग परत आली तर?” बेकरीवाला म्हणाला. “माझी अख्खी पाठ आहे.”

“माझा तळहात,” महापौर म्हणाले.

“नियमात तसं कुठे स्पष्ट नाही,” कोणीतरी म्हणालं. मग वाद सुरू झाला. काहींचं म्हणणं शब्द गेला की बंधनही गेलं. काहींचं म्हणणं ज्या हातानं काढली त्या हाताचं बंधन मरेपर्यंत. सोलेनला विचारलं. ती म्हणाली की तिला फक्त शब्द दिला आहे, कायद्याचं पुस्तक दिलेलं नाही.

लेओंतीननं काठी आपटली. “मी जाते. माझा डावा दंड. नव्वदी उलटली आहे माझी, आली आग तर येऊ दे. फार काळ सोसावी लागणार नाही.” मग ती जरा थांबली. “ओनेननं माझा पाय वाचवला होता, मी एवढीशी होते तेव्हा. तिनं शब्द दिल्यावर मी रोज तिच्या दारावरून कामाला जायचे. एकदा आत जाऊन म्हणायला हवं होतं. कोणी सुचवलं नाही. मला आपणहून सुचलं नाही.”

ती गेली. आम्ही सगळे बाजारातून वळणापर्यंत तिच्या मागे गेलो, फाटकाच्या बाहेर थांबलो. दार उघडंच होतं. आर्मेल खुर्चीत होता. लेओंतीन आत गेली, काठी रोवून त्याच्यासमोर उभी राहिली.

“आर्मेल झिकेल,” ती म्हणाली, “दंडाबद्दल मेर्सी.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याला यावर काय उत्तर द्यायचं ते येतच नव्हतं. इतर कोणी ‘त्यात काय एवढं’ म्हणालं असतं. त्याला ते म्हणायची वेळच कधी आली नव्हती. त्याचे ओठ हलले, आणि मग तो उठायला लागला.

“बैस,” लेओंतीन म्हणाली. “दंड बघतोयस ना? काही नाही झालं.”

तरी गावानं खबरदारी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी लेओंतीनच्या घरी एवढी माणसं गेली की तिच्या मुलीला कॉफी पुरवताना दमछाक झाली. बाही वर करून दंड सगळ्यांना दाखवण्यात आला. सुरकुत्यांशिवाय त्यावर काही नव्हतं. बेकरीवाल्यानं खिडकीच्या उजेडात नेऊन पुन्हा पाहिला.

मग लोक आर्मेलकडे जायला लागले. पहिल्या दिवशी रांग फाटकाबाहेर आली. प्रत्येक जण आपली जागा सांगत होता. मनगटाबद्दल, पाठीबद्दल, पोराच्या गालाबद्दल. काहींना वेळ लागला. एका माणसानं तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि बाहेर येऊन फाटकाला टेकून रडला. क्लोतिल्डनं मुरंब्याची बरणी आणली आणि अडवलेला शब्द पुरा केला. महापौर आले ते समारंभाचे कपडे घालून.

“आर्मेल,” ते म्हणाले, “त्या दिवशी माझं भाषण अर्धवट राहिलं होतं. गावातला प्रत्येक माणूस तुमचा ऋणी आहे, असं ते वाक्य होतं. पालिकेला मन आहे, आणि ती मनापासून आभारी आहे. आणि ही खुर्ची आजपासून तुमची.”

“सही करायची का?” आर्मेलनं विचारलं.

“नाही.”

माझी एनोरा शहरातून, रेनहून, आली. तिच्या कोपरापाशी एक फिकट डाग आहे, बटणाएवढा. तिनं तो त्याला दाखवला आणि मेर्सी म्हणाली. मी तिच्या मागे उभा होतो. घशातला तो जुना शब्द एवढ्या वर्षांनी बाहेर आला तेव्हा आवाज माझा वाटला नाही. आर्मेलनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि एनोराला विचारलं की रेनचा रस्ता कसा आहे. ती म्हणाली, चांगला झालाय. तो समाधानानं हसला.

सर्व संतांच्या दिवशी आम्ही स्मशानात शेवंतीच्या कुंड्या घेऊन जातो, ज्याची त्याची माणसं असतील तिथे. यंदा लेओंतीन आर्मेलचा हात धरून ओनेनच्या थडग्यापाशी गेली. तिथे दरवर्षी आर्मेलची एकटी कुंडी असायची. तिनं आपली कुंडी शेजारी ठेवली आणि बोलली. काय बोलली ते वाऱ्यात आम्हाला ऐकू आलं नाही, पण समजलं. नंतर इतरही गेले. आपल्या आईच्या, आजीच्या वतीनं. दुपारी त्या दगडावरचं नाव कुंड्यांमुळे दिसेनासं झालं होतं.

आर्मेलकडे आता बरीच माणसं असतात. आभार मानून झाल्यावरही लोक येत राहिले, कारण आता त्याच्यापाशी बसायला कोणाला जड जात नाही. पत्ते खेळतात, सायडर पितात. सोलेन सकाळी येते, पावसातही येते. तिच्या गाडीवर आम्ही अजून मीठ बरोबर होतं एवढंच म्हणतो, आणि मीठ बरोबरच असतं. ती हसून म्हणते, “थांबा, म्हातारी झाले की सगळ्यांकडून वसूल करीन.”

मागच्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो होतो. तो थकला होता, फार बोलला नाही. मी त्याच्या शेगडीत लाकूड सारलं, वर्तमानपत्र वाचून दाखवलं आणि निघालो. दारात पोचलो तेव्हा तो मागून म्हणाला, “आलास, मेर्सी.”

तो शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मी म्हणालो, “रस्ता चांगला झालाय, आर्मेल,” आणि फाटक उघडं ठेवून घरी आलो.